बिनधुराची मार्लिन

१

आरे कॉलनीच्या चढाच्या शेवटच्या वळणावर जॉनीची लाल मार्लिन मोटरसायकल सगळ्यांच्या पुढे होती. पुढच्याच क्षणी तिचं मागचं चाक कुणीतरी मुठीत आवळावं तसं जागच्या जागी थांबलं. टायर किंचाळला. गाडी एकीकडे घसरत गेली आणि जॉनी दुसरीकडे, गवतात.

सोमवार होता, गांधीजयंतीची सुटी. क्लबची चढाची शर्यत बघायला मरोळ गावठाणातली अर्धी माणसं वळणावर जमली होती. राधाही तिथेच उभी होती. तिच्या शेजारून तिचा थोरला भाऊ खंडू धावत सुटला तो जॉनीकडे, गाडीकडे नव्हे. ही गोष्ट राधाच्या लक्षात राहिली. पुढे बाकी सगळे ती विसरले.

जॉनीच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं. त्याचा मोठा भाऊ सेबॅस्टियन त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. गॅरेजवाले धोंडिरामशेठ गाडीपाशी वाकले, किक मारून बघितली. किक दगडासारखी घट्ट.

"पिस्टन पकडलाय," ते म्हणाले. "तेलाशिवाय पळालीय गाडी."

"तेल?" सेबॅस्टियनने मान वर केली. "मग खालचं तेलाचं झाकण उघडून बघा ना शेठ. गळालं असेल कुठेतरी."

"अरे बाबा, टू-स्ट्रोक आहे ही! हिच्या इंजिनाला खाली तेल नसतं. पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. पेट्रोल जळतं आणि त्यातलं तेल पिस्टनला लागतं. नुसतं पेट्रोल घालशील तर इंजीन भाजून निघेल."

सेबॅस्टियनने जॉनीच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि मग तोच रुमाल स्वतःच्या कपाळावरून फिरवला.

बोलली ती एथेल. जॉनीशी तिचं लग्न ठरलेलं होतं. रडता रडता ती एकदम थांबली आणि तिने विचारलं, "पण मग तेल मिसळतं कोण?"

सगळ्यांच्या माना एकाच वेळी खंडूकडे वळल्या.

२

मार्लिन ही काही फार मोठी गाडी नव्हती. पावणेदोनशे सीसीचं इंजीन, चार गिअर, आखूड हँडल. कंपनीच्या शर्यतीच्या गाड्यांमधली ही सगळ्यात स्वस्त. नोकरी लागल्यावर पोराने पहिल्यांदा घ्यावी अशी. पण वजनाला हलकी आणि चढाला अशी चपळ, की तिच्याहून दुप्पट जड गाड्या मागे बघतच राहत. जॉनी ती घेऊन पहिल्यांदा गावठाणात शिरला तेव्हा माणसं दारात येऊन उभी राहिली होती. कुणी "झकास!" म्हणालं, कुणी "एवढी लाल कशाला?" म्हणालं. दोन्हींचा अर्थ एकच होता.

तिचं इंजीन धोंडिरामशेठच्या गॅरेजात मेकॅनिक असलेल्या खंडूने तीनदा उघडून तीनदा लावलं होतं. शर्यतीआधी तेल मिसळून पेट्रोल भरायचं कामही त्याचंच. आणि गेल्याच महिन्यात, चारचौघांत, खंडू जॉनीला म्हणाला होता, "एकदा मला पळवू दे ना यार चढावर." जॉनी हसला होता. "तू सूर लाव. गाणं मी म्हणेन."

ते हसणं आता लोकांना आठवलं.

"पोटात दुखत होतं त्याच्या," असं नळावर बोललं गेलं. गावठाणाच्या कडेच्या बैठ्या चाळीतल्या माणसाचं नाव खराब व्हायला एक सकाळ पुरते. मंगळवारी धोंडिरामशेठनी खंडूला गॅरेजच्या दारातच थांबवलं.

"तू केलंस असं मी म्हणत नाही. पण गिऱ्हाईक म्हणतं, माझ्या गाडीला तुझा हात नको. मी काय करू? रविवारपर्यंत घरी बस. तोवर काही उलगडलं तर बघू. नाहीतर दुसरीकडे बघ बाबा."

खंडूला मंगळवारपेक्षाही सोमवार जास्त लागला होता. प्लास्टर घालून घरी आलेल्या जॉनीला तो भेटायला गेला, तर जॉनीने भिंतीकडे तोंड केलं.

राधा बी.एस्सी. झालेली. घाटकोपरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होती. गोष्ट सिद्ध झाल्याशिवाय ती 'असेल' म्हणायची, 'आहे' म्हणत नसे. घरच्यांना याचा वैताग होता. त्या संध्याकाळी भावासमोर चहा ठेवून तिने सरळच विचारलं.

"दादा, तुला जॉनीचा हेवा वाटायचा?"

खंडूने कपाकडे बघितलं. "वाटायचा."

"मग?"

"मग काय! हेवा वाटायचा म्हणून तर कुणाचं बोट लागू देत नव्हतो गाडीला. ती पळायची ना, तेव्हा मला वाटायचं मी पळतोय. स्वतःच्या पायावर कोण धोंडा घालील, राधे?"

तिला ते पटलं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. आणि मनाच्या एका कोपऱ्यात तिला हेही कळत होतं, की आपला भाऊ आहे म्हणून आपल्याला पटतंय.

"शनिवारी तेल नक्की घातलं होतंस?"

"बुद्धाची शपथ."

"शपथ नको," राधा म्हणाली. "टाकीतलं थोडं पेट्रोल पाहिजे."

३

गाडी धोंडिरामशेठच्या गॅरेजात मागे पडून होती. शेठ नको म्हणाले नाहीत. राधाने टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुटीत टीपकागद घेऊन बसली.

युक्ती साधी होती. पेट्रोल कागदावर टाकलं की उडून जातं. तेल उडत नाही, त्याचा डाग राहतो. जितकं तेल जास्त तितका डाग गडद आणि मोठा. तिने आधी स्वतः मिश्रणं बनवली. खंडू घालतो तेवढ्या तेलाचं एक, त्याच्या निम्म्याचं एक, एक तृतीयांशाचं एक, आणि एक नुसतं पेट्रोल. सगळ्यांचे सारखे थेंब शेजारी शेजारी टाकले आणि शेवटी टाकीतल्या पेट्रोलचा थेंब टाकला.

नुसत्या पेट्रोलचा थेंब उडून कागद कोरा झाला. टाकीतल्या थेंबाचा डाग मात्र राहिला. फिकट, पण राहिला. एक तृतीयांश मिश्रणाच्या डागाशी तो तंतोतंत जुळत होता.

म्हणजे टाकीत तेल होतं! कुणी खोडसाळपणे टाकी रिकामी करून कोरं पेट्रोल भरलं असतं तर डागच राहिला नसता.

संध्याकाळी ती जवळजवळ पळतच गॅरेजात गेली. धोंडिरामशेठनी टीपकागद दिव्यासमोर धरला, उलटा करून बघितला आणि परत दिला.

"म्हणजे तेल घातलं होतं, पण तिसरा हिस्साच."

"हो."

"मग पोरी, खंडूने तेच केलं असेल. थोडं घातलं, बाकीचं राखलं. आधी मी म्हणत होतो की विसरला असेल बिचारा." शेठनी चष्मा काढला. "आता तूच सांगतेयस की तो विसरला नव्हता."

राधा कागदाची घडी घालून रस्त्यावर आली. भावाला सोडवायला गेलेली ती, त्याच्या गळ्यातला फास स्वतःच्या हाताने आवळून आली होती.

४

"तुझ्या त्या कागदाला घाल चुलीत," आई म्हणाली. शांताबाईंनी दोन्ही पोरांना एकटीच्या कमाईवर वाढवलं होतं आणि शास्त्रापेक्षा त्यांचा स्वतःच्या नाकावर जास्त विश्वास होता. "तेल नाही म्हणे! शनिवारी त्याने दारात गाडी फुरफुरवली तेव्हा माझं दोरीवरचं सगळं धुणं काळं झालं. धुराने घर भरलं. तुझी पांढरी साडी मी पुन्हा धुतली, विचार त्याला."

राधाने ताटावरून हात उचलला.

"आई, तो धूर कुठल्या पेट्रोलचा? दादा, तेव्हा टाकीत नवं पेट्रोल होतं की जुनं?"

"जुनं मी सगळं काढून टाकलं होतं," खंडू म्हणाला. "नवं मिसळलं, आणि मग सूर बघायला चालू केली. शर्यतीला थोडंच पेट्रोल घालतो आपण, दोनेक लिटर. टाकी भरली तर उगाच वजन चढावर ओढावं लागतं."

टू-स्ट्रोक गाडी धूर सोडते ती पेट्रोलमधल्या तेलामुळेच. शनिवारी धूर होता, भरपूर होता. मग सोमवारी?

राधा डोळे मिटून ते वळण आठवायला लागली. पण तिचं लक्ष वेगाकडे होतं, धुराकडे नव्हतं. धुराकडे लक्ष असेल असा एकच माणूस होता: जॉनीच्या मागे असलेला.

इसिडोर जॉनीचा जुना प्रतिस्पर्धी. त्याच्याकडेही मार्लिनच होती, निळी. गेल्या चार शर्यतींत तो दुसरा आला होता, आणि हे तो कधी विसरत नसे, दुसऱ्यांनाही विसरू देत नसे.

"आता माझ्यावर आलीस काय?" तो दारातूनच म्हणाला. "सगळे मनात म्हणतायत, तू तोंडावर म्हण. पण ऐक, मला त्याला हरवायचं होतं. गवतात पडलेल्याला हरवून काय मिळतं? लोक अजून म्हणतात, जॉनी पडला म्हणून इसिडोर जिंकला. मेला पडतानासुद्धा मला दुसऱ्याच नंबरावर ठेवून गेला!"

"मला फक्त एक सांग. तू त्याच्या मागे होतास. त्याची गाडी कशी चालली होती?"

इसिडोरचा चेहरा आंबट झाला. "खरं सांगू? कधी नव्हे एवढी सुंदर. एरवी त्याचा धूर माझ्या तोंडावर येतो, चव माहितीय मला त्याची. त्या दिवशी काही नाही. स्वच्छ! मी म्हटलं, खंडूने काय जादू केली? रात्रभर झोप नाही मला, की ती जादू माझ्या गाडीला कशी करायची."

शनिवारी धूर, सोमवारी नाही. खंडूने तेल पुरेपूर घातलं होतं. म्हणजे मधल्या रविवारी कुणीतरी दोन तृतीयांश पेट्रोल काढलं आणि तेवढंच कोरं पेट्रोल घातलं.

पण घात करणारा माणूस थोडंसं तेल कशाला शिल्लक ठेवील? आणि काढलेलं पेट्रोल गेलं कुठे?

तिला उत्तर सुचलं तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि मागून बेस्टची बस भोंगा वाजवत होती. पेट्रोल काढलंच नव्हतं. ते जाळलं होतं. कुणीतरी रविवारी गाडी लांब फिरवून आणली होती, आणि कुणाला कळू नये म्हणून जेवढं संपलं तेवढं इमानदारीने पुन्हा भरून ठेवलं होतं!

५

रविवारी आगेरा होता. नव्या भाताच्या कणसांचा सण. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, तरी जी काय कणसं आली ती बँड लावून चर्चमध्ये नेली होती, आणि दुपारभर सगळं गावठाण चर्चच्या मैदानात होतं. जॉनी, एथेल, इसिडोर तिघेही तिथे खेळांत होते. शंभर माणसांनी पाहिलं होतं. जॉनीच्या पडवीत गाडी एकटी होती आणि किल्ली नेहमीसारखी देव्हाऱ्यातल्या मेरीमातेच्या मागे.

राधा गॅरेजात परत गेली आणि या वेळी तिने टाकीऐवजी सगळी गाडी बघितली. पडल्यामुळे उजवी बाजू खरवडली होती. पण पुढच्या मडगार्डाच्या टोकावर एक चेप होती, समोरून बसलेली. चेपेच्या कडेला पांढरी पूड होती. तिने ती नखाने काढली. चुना.

गावठाणात पांढरा चुना कुठे असेल हे सांगायला बी.एस्सी. लागत नाही. जॉनीच्या घरासमोरच्या वळणावरचा खुरीस, दगडी चौथऱ्यावरचा क्रूस, आगेऱ्यासाठी शनिवारी संध्याकाळीच पांढरा केला होता. त्याआधीच गाडी पडवीत जाऊन उभी राहिली होती. राधा तिथे गेली. चौथऱ्याच्या कोपऱ्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, लाल रंगाचा ओरखडा होता.

पण ज्याला इतक्या लांबवर गाडी चालवता येते, तो घराच्या दारात येऊन चौथऱ्याला कसा धडकेल?

"शेठ," तिने गॅरेजात विचारलं, "ही थांबवायची कशी?"

"उजव्या पायाने ब्रेक. डाव्या पायाने गिअर."

"सगळ्या गाड्यांना असंच?"

"छे. ती बघ." त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या, अवजड, काळ्या गाडीकडे बोट केलं. "फोर-स्ट्रोक. हिचं सगळं उलटं. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. तिच्यावर शिकलेला माणूस मार्लिनवर बसला की गडबडतो. रस्त्यावर सांभाळून घेतो, पण एकदम थांबायची वेळ आली की पाय जुन्या सवयीने डावीकडेच दाबतो. गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलून झटका खाते."

राधा त्या काळ्या गाडीपाशी गेली. "आणि हिच्या पेट्रोलमध्ये तेल?"

"हिच्यात कशाला? हिचं तेल खाली वेगळं. पंपावर जायचं, पेट्रोल भरायचं, निघायचं."

तर मग तो माणूस असा: फोर-स्ट्रोकवर शिकलेला, किल्लीची जागा माहीत असलेला, रविवारी मैदानात नसलेला. आणि टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल घालतात हेच ज्याला सोमवारी सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

'मग खालचं तेलाचं झाकण उघडून बघा ना शेठ.'

सेबॅस्टियन. सरकारी कचेरीची डाक पोचवणारा सेबॅस्टियन, दहा वर्षं असल्याच काळ्या गाडीवर. रविवारी चर्चमधल्या मिसानंतर तो आणि त्याची बायको लूर्डस बसने बोरीवलीला, तिच्या माहेरी गेले होते. निदान त्यांनी तसं सांगितलं होतं.

पण तो मोठा भाऊ होता, जॉनीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. चुना आणि ओरखडा दाखवून कुणी मान्य करील? तो म्हणेल, जॉनीनेच कधीतरी धडकवली असेल. आणि गावठाण राधाचं ऐकेल की त्याचं?

६

पुरावा मिळाला तो एथेलच्या तोऱ्यातून.

शनिवारी राधा जॉनीकडे गेली तेव्हा जॉनी आतल्या खाटेवर होता आणि एथेल दारात पाय पसरून बसली होती. डाव्या पायाच्या पोटरीवर रुपयाएवढा जुना, तपकिरी डाग.

"हा काय?" राधाने विचारलं.

"हा मार्लिनचा शिक्का!" एथेल हसली. "सायलेन्सर डावीकडून वर घेतलाय ना मेल्यांनी, मोठ्या शर्यतीच्या गाडीच्यासारखा दिसावा म्हणून. आम्ही बायका पाय सोडून बसतो तो डावीकडेच. पहिल्यांदा जी बसेल तिची पोटरी भाजलीच. मग शिकते ती पाय कुठे धरायचा ते." तिने डागावरून प्रेमाने बोट फिरवलं. "अख्ख्या मरोळमध्ये हा एकटीलाच आहे. जॉनी दुसऱ्या कुणाला मागे बसवत नाही."

तेवढ्यात आतून लूर्डस आली, हातात पेजेचा वाडगा. जॉनीची वहिनी एरवी झपझप चालायची. आज ती डावा पाय जपून टाकत होती आणि लुगड्याचा काठ रोजच्यापेक्षा खाली ओढलेला होता.

"लूर्डसबाय, पायाला काय झालं?" राधाने विचारलं.

"पिठाचे फुगे तळताना तेल उडालं. आगेऱ्याला."

"तेल उडालं तर शिंतोडे उठतात," राधा शांतपणे म्हणाली. "दाखव ना. आमच्या प्रयोगशाळेतलं मलम आणून देईन."

लूर्डस मागे सरली, पण खाली बसलेल्या एथेलला काठाखालचं आधीच दिसलं होतं. पोटरीवर रुपयाएवढा, लालबुंद, ताजा गोल.

एथेल उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"हा कधीचा? लूर्डस, हा कधीचा? जॉनी!" ती आत वळून ओरडली. "तू हिला मागे बसवलंस? मला चर्चमध्ये सोडून हिला फिरवलंस? वहिनीला?"

"काय बोलतेस एथेल!" जॉनी खाटेवरून धडपडला. "मी कुणाला..."

"मग हा शिक्का आला कुठून? आकाशातून?"

"तोंड सांभाळ!" लूर्डसच्या हातातला वाडगा खाली आदळला. तिचे कान लाल झाले होते. "मी काय तुझ्या जॉनीच्या मागे बसेन? मला माझा नवरा नाही? माझ्या नवऱ्याच्या मागे बसले होते मी! घोडबंदरच्या खाडीपर्यंत! सहा वर्षांत एकदा बसले, तर तुझ्या का पोटात दुखतं गं?"

आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं. तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

परसातून सेबॅस्टियन आत आला होता. तो दारातच उभा राहिला. त्याने सगळं ऐकलं होतं.

७

राधानेच सुरुवात केली. तिने टीपकागद, धूर, चुना, डावा-उजवा पाय, सगळं क्रमाने सांगितलं. सेबॅस्टियन खाटेच्या कडेला बसला.

"हिला हौस होती," तो म्हणाला. "एथेल मागे बसून जाते, हिला दिसतं. मी हिला काय दाखवलं? बसचा थांबा. म्हटलं, एक दिवस. माहेरी गेलो, मग पुढे खाडीपर्यंत. येताना अंधेरीच्या पंपावर भरलं, जेवढं होतं तेवढंच, बोटाने मोजून. मला काय ठाऊक यार, हिच्या पेट्रोलमध्ये तेल लागतं म्हणून? मला वाटलं, मी काही घेतलंच नाही."

"ती चूक झाली," राधा म्हणाली. "पण सोमवारी वळणावर शेठ बोलले, तेव्हा तुला कळलं. नंतर पाच दिवस तू गप्प बसलास. दादाला गॅरेजातून काढलं, तरी गप्प."

सेबॅस्टियनने जॉनीकडे बघितलं नाही. तो जमिनीकडे बघत बोलला.

"गाडी घ्यायची होती तेव्हा याने कुणाला विचारलं? खंडूला. शर्यतीला जाताना कुणाला बरोबर घेतो? खंडूला. दहा वर्षं मी गाडी चालवतोय. मला एकदाही विचारलं नाही, सेबी, ही कशी वाटते? सोमवारी सगळ्यांनी खंडूकडे बघितलं ना, तेव्हा माझ्या मनात आलं, बरं झालं. आता तरी हा माझ्याकडे येईल." त्याने जॉनीच्या खाटेवरची चादर सारखी केली. "आला पण. पाच दिवस मीच भरवतोय याला."

"गाडी पाहिजे होती तर मागायची ना," जॉनी म्हणाला.

"दिली असतीस?"

जॉनीने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"नसती दिली," एथेल हळूच म्हणाली. तिला खोटं बोलायचं सुचलं नाही.

राधा उठली. "मला एवढंच कळतं, उद्या रविवार आहे. इथे जे बोललास ते उद्या गॅरेजात बोल, सेबी. गिऱ्हाइकांसमोर. माझ्या भावाचं नाव या खोलीत खराब झालेलं नाही."

रविवारी सकाळी सेबॅस्टियन गेला. मिसाचा पांढरा शर्ट घातलेला तो गॅरेजच्या मधोमध उभा राहिला आणि आठ-दहा माणसांसमोर त्याने सगळं सांगितलं. खाडीचं, पंपाचं, पाच दिवस गप्प राहिल्याचंही. ऐकताना कुणी हसलं नाही. धोंडिरामशेठनी घसा खाकरला, खंडूचा पाना खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला आणि "माझं चुकलं रे" एवढं इतक्या घाईत म्हणाले, की शेजारच्यालाही ऐकू आलं नसेल.

पहिला बोलला तो इसिडोर. "खंड्या, माझी निळी बघतोस? पहिल्यापासून माझ्या मनात होतं, पण तू जॉनीचा माणूस."

खंडूने पाना हातात तोलला. "आण."

पंधरवड्यानंतरची गोष्ट. राधा खंडूचा डबा घेऊन गॅरेजात गेली, तर दारातल्या बाकावर हात गळ्यात बांधलेला जॉनी बसला होता. आत इसिडोरची गाडी उघडून पडली होती, तिच्यामागे दुसऱ्या कुणाची स्कूटर, आणि त्याच्याही मागे, भिंतीला टेकवलेली, लाल मार्लिन. खंडू निळ्या गाडीच्या इंजिनावर वाकून कान देत होता, डोळे मिटून, आणि इसिडोर त्याच्याजवळ उकिडवा बसून हलकेच काहीतरी विचारत होता. खंडू हसला.

जॉनी ते हसणं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते राधाने गेल्या तीन आठवड्यांत इतक्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं, की ओळखायला वेळ लागला नाही.

"खंडू," जॉनीने न राहवून हाक मारली. "माझी कधी घेतोस रे?"

खंडूने मान वर केली नाही.

"नंबर आला की घेतो. बस."

आणि जॉनी बसला.